दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तालुक्याच्या गावी तीस वर्षे दंतवैद्यकी केल्यावर मी तिला माझ्यापुरती एक पुस्ती जोडली आहे. दाताला अपघात होतो तेव्हा दंतवैद्य जवळ नसतो, आणि दंतवैद्य गाठावा तोवर पुष्कळदा दात हातचा गेलेला असतो. हे अपघात काही वेळ पाहून येत नाहीत. ते रविवारी होतात, जत्रेच्या दिवशी होतात, लग्नघरी पंगत बसलेली असताना होतात. दाढ तर घरातली सगळी माणसे झोपल्यावरच ठणकायला लागते, असा माझा अनुभव आहे. मग उजाडेपर्यंत, किंवा एस. टी. मिळून गावाहून तालुक्याला येईपर्यंत, दोन-चार तास सहज जातात. ते तास दंतवैद्याच्या हातात नसतात, तुमच्या हातात असतात. त्या तासांत काय करावे आणि काय करू नये, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची, उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास एक आजी आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. सकाळी दहाला विटीदांडू खेळताना विटी उसळून पोराच्या तोंडावर बसली होती आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला होता. आजींनी पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत तो दात, पिवळाधमक.

“हळद लावून आणलाय बघा डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “कुजू नये म्हनून. आधी राखेनं घासून चांगला लख्ख केला, मग हळद लावली.”

जखमेला हळद लावावी हे त्यांना आयुष्याने शिकवले होते. दात फेकून न देता जपून आणला, हेही शहाणपणच होते. तेव्हा त्यांना रागे भरण्यासारखे काही नव्हते. दुसरे काही करायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी तो दात धुऊन पुन्हा जागेवर बसवला, पण तो टिकायचा नाही हे मला त्याच वेळी ठाऊक होते. चार वर्षांनी तो मुळातून झिजून मोडला. पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि हसताना तोंडावर हात धरू लागला होता.

असे का झाले, ते समजून घेऊ. आपल्याला वाटते की खुंटा जमिनीत ठोकावा तसा दात जबड्याच्या हाडात ठोकलेला आहे. तसे नाही. दाताचे मूळ आणि हाडातली खोबण यांच्यामध्ये अतिशय बारीक तंतूंचे एक अस्तर असते. या तंतूंनी दात हाडाला टांगलेला असतो. म्हणून तर कडक सुपारी चावली तरी दाताला किंचित लवता येते. दात निखळतो तेव्हा हे अस्तर फाटते, त्याचा काही भाग खोबणीत राहतो आणि काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरचा हा भाग जिवंत असतो. तो ओला राहिला तर जगतो. हवेत कोरडा पडला की त्याच्या पेशी भराभर मरू लागतात आणि तासाभराने वाचण्यासारखे बहुधा काही उरत नाही. पेशी जिवंत असतील तर बसवलेल्या दाताचे तंतू पुन्हा जुळतात. त्या मेल्या असतील तर हाड सरळ मुळाला चिकटते आणि हळूहळू त्याला खाऊन टाकते. आजींनी राखेने घासून काढली ती घाण नव्हती, तोच दाताचा जीव होता.

आता कृती सांगतो. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ऐका.

मुलाचा किंवा मोठ्या माणसाचा पक्का दात मुळासकट पडला तर प्रथम तो शोधा. उचलताना जो भाग तोंडात दिसतो त्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. दात स्वच्छ असेल तर काहीच करायचे नाही. माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळा. दूध नसेल तर गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरून मनात दहा आकडे मोजा, तेवढेच पुरे. घासायचे नाही, पुसायचे नाही, साबण, डेटॉल, हळद, राख काही लावायचे नाही. मग त्याचा पुढचा भाग पुढे करून दात हलक्या दाबाने खोबणीत सरकवा. शेजारच्या दातांच्या रांगेत आला की घडी केलेला स्वच्छ रुमाल दातांखाली देऊन मुलाला हळूच चावून धरायला सांगा, आणि तसेच दंतवैद्याकडे निघा. अपघातानंतर पहिल्या पंधरा मिनिटांत हे झाले तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. ताज्या जखमेत दात सरकवणे ऐकायला भयंकर वाटते, पण ती जागा काही वेळ बधिर झालेली असते आणि दुखते त्यापेक्षा आपणच जास्त घाबरलेले असतो.

तरीही कोणाला धीर झाला नाही, तर लाजण्याचे कारण नाही. दात लगेच दुधात टाका. गार, साखर न घातलेले साधे दूध घ्यावे. चहाचे नको, आणि ताक तर मुळीच नको, कारण ते आंबट असते. दूधच का, पाणी का नाही, असे तुम्ही विचाराल. मनुका पाण्यात टाकल्या की टरारून फुगतात ना? साध्या पाण्यात दाताच्या पेशींचे तसेच होते. पाणी आत शिरते, त्या फुगतात आणि फुटतात. दुधातल्या क्षारांचे प्रमाण पेशींना मानवते, म्हणून दुधात त्या काही तास तग धरतात. रानात किंवा प्रवासात दूध मिळाले नाही तर रोग्याने एखाद्या छोट्या डबीत आपली लाळ थुंकावी आणि त्यात दात ठेवावा. काहीच जमले नाही तर पाणी घ्या, कारण कोरड्या कागदापेक्षा किंवा रुमालापेक्षा पाणीही बरे. आणि पाच-सहा तास उलटून गेले असले तरी दात टाकून देऊ नका. असा दात जन्मभर टिकणार नाही, पण वाढत्या वयाच्या मुलात तो काही वर्षे जागा आणि हाड सांभाळतो.

त्या पोराचा दात गेल्यावर मी आसपासच्या शाळांत जाऊन हे सांगू लागलो. पुढे एकदा अशाच एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. खो-खो खेळताना बारा वर्षांची एक मुलगी खांबावर आदळली होती.

“डॉक्टर, दात माझ्या हातात आहे. पण मला धीर होत नाही.”

“बाई, धरलाय कुठे?”

“वरच्या बाजूला. मुळाला हात लावला नाही.”

“मग निम्मं काम तुम्ही केलंच आहे. आता दुधात बुडवा आणि बसवून टाका. मी फोनवर आहे.”

शिक्षकांच्या चहासाठी आणलेले दूध होते. बाईंनी दात बसवला. दीड तासाने मुलगी मोटरसायकलवरून माझ्याकडे आली, तोंडात रुमाल घट्ट धरून. मी बारीक तारेने तो दात शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला, त्याच दिवसांत त्याच्या मुळाचे काम, ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो, ते सुरू केले, आणि धनुर्वाताच्या सुईची चौकशी केली. ती मुलगी आज कॉलेजात शिकते आणि दात जागेवर आहे. तो दात वाचवला बाईंनी. मी फक्त बांधला.

येथे एक मोठा अपवाद ध्यानात ठेवा. दुधाचा दात पडला तर तो पुन्हा बसवायचा नसतो. त्याच्या मुळाशी हाडात पक्क्या दाताचा कोंब वाढत असतो, त्याला इजा होते. साधारण सहा वर्षांच्या आतल्या मुलाचे पुढचे दात दुधाचे असतात. सात-आठ वर्षांपर्यंत वरचे पुढचे पक्के दात येतात, ते आकाराने मोठे असतात आणि नवे असताना त्यांची कड करवतीसारखी दिसते. ओळखता येत नसेल तर डोके खाजवत बसू नका. दात दुधात टाका, मुलाला घेऊन या, आणि निर्णय दंतवैद्यावर सोडा.

दात पडला नाही, नुसता तुकडा उडाला, तर तो तुकडाही शोधून दुधात किंवा पाण्यात घालून आणा. पुष्कळदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो. तुकडा सापडत नाही आणि मूल खोकू लागले किंवा श्वास घरघरू लागला, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी दंतवैद्य नको, थेट रुग्णालय गाठा. मार लागल्यावर रोगी बेशुद्ध झाला, उलट्या करू लागला, किंवा तोंड मिटल्यावर खालचे-वरचे दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले, तरीही तेच करा. आधी डोके आणि जबडा, मग दात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात दात बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

आता ठणकणाऱ्या दाढेकडे वळू. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की आतली नस सुजते. सगळीकडून कडक भिंतींत कोंडलेली असल्यामुळे तिला सुजायला जागा नसते, म्हणून ती कळ एवढी असह्य असते. आडवे पडले की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि कळ जोर धरते. तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा आहे. उशाला दोन उश्या घ्या किंवा आरामखुर्चीत टेकून बसा. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरा. दाढेत अन्न अडकले असेल तर दोऱ्याने हलकेच काढा, टाचणीने किंवा केसांच्या पिनेने कोरू नका. लवंगेचे तेल हा आजीबाईंच्या बटव्यातला उपाय खरोखर गुणाचा आहे. त्यातले युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात वापरत आले आहेत. मात्र कापसाचा लहानसा बोळा तेलात बुडवून, पिळून, फक्त दाताच्या खड्ड्यात ठेवावा. हिरडीला तेल लागले तर हिरडी भाजते. लहान मुलांना ते लावू नये.

वेदनेसाठी मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यावी. कळ थांबत नाही म्हणून तासातासाला गोळ्या घेऊ नयेत, त्याने यकृताला अपाय होतो. आयब्युप्रोफेन दातदुखीवर चांगले चालते, पण पोटात व्रण असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि गावात डेंग्यू असेल, तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळावीत. मुलांना ॲस्पिरिन देऊच नये.

काही माणसे दुखीची गोळी पोटात न घेता दाढेशी दाबून ठेवतात. तिने दाढेला काही होत नाही, पण हिरडी आणि गाल भाजून पांढरे पडतात. दाढ दुखते म्हणून रॉकेलचा बोळा ठेवणारेही मी पाहिले आहेत. आणि मिश्री! आपल्याकडच्या कितीतरी बायकांना मिश्रीची सवय दाढदुखीवर उपाय म्हणून लागली. दाढ कधीच पडून जाते, मिश्री मात्र सुटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. घरात कोणी दाढ दुखते म्हणून मिश्री लावत असेल, तर तिला समजावून दंतवैद्याकडे आणा.

आणखी दोन समजुती सोडून द्या. पहिली अशी, की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणल्या म्हणजे दाढ थांबते. नुसत्या दुखणाऱ्या दाढेला, सूज किंवा ताप नसताना, या गोळ्यांचा उपयोग होत नाही. वारंवार आणि अर्धवट घेतल्या तर ज्या दिवशी त्यांची खरी गरज पडेल त्या दिवशी त्या निकामी ठरण्याचा धोका वाढतो. दुसरी समजूत अशी, की दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले. तीन रात्री ठणकून चौथ्या दिवशी दाढ आपोआप गप्प झाली, तर पुष्कळदा आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, सडते. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो.

सुजलेल्या गालाविषयी माझे एक मागणे आहे. त्याला शेक देऊ नका. तापवलेल्या विटेने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने बाहेरून शेकले की आतला पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जाण्याची भीती असते. गालावर फुटलेल्या अशा गळवाचा खड्डा जन्मभर राहिलेली माणसे माझ्याकडे येतात. शेकायचेच तर थंड शेका. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे धरा, थोडा वेळ थांबा, पुन्हा धरा.

पण काही सुजा अशा असतात की त्या शेकत बसायच्या नसतात. जबड्याच्या खाली, गळ्याच्या बाजूला सूज उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळवेना, तोंड उघडेना, आवाज बदलला, श्वासाला त्रास होऊ लागला, किंवा सुजेने डोळा मिटू लागला आणि ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सडलेल्या दाढेचा पू गळ्यात उतरून श्वासाची वाट बंद करू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी यात कितीतरी रोगी दगावत. आजही उशीर झाला तर माणूस हाताशी लागत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक फक्त रस्त्यावरच्या अपघातांसाठी आहे असे समजू नका.

शेवटचा प्रसंग रक्ताचा. दाढ काढून घरी गेलेल्या माणसाच्या तोंडातून रात्री रक्त येऊ लागते. लाळेत मिसळून थोडेसे रक्तही वाटीभर दिसते आणि सगळे घर जागे होते. घाबरू नका. रोग्याला उठवून बसवा. औषधाच्या दुकानात मिळणारी जाळीदार पट्टी, किंवा स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्याची जाड घडी, ओली करून जखमेवर ठेवा आणि ती दातांखाली घट्ट दाबून धरायला सांगा. घड्याळ लावून अर्धा तास. मध्येच काढून ‘थांबलं का’ म्हणून पाहायचे नाही, कारण पाहण्यासाठी उचलले की नुकती धरलेली गुठळी सुटते. चुळा भरू नका, थुंकू नका, गरम चहा घेऊ नका, तंबाखू तर नकोच. याप्रमाणे करूनही रक्त वाहतच राहिले तर रुग्णालयात जा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दाढ काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा, पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयासाठी दिलेली गोळी दाढेपायी सोडणे महागात पडते.

तेव्हा आज घरी एवढी तयारी करून ठेवा. एका डब्यात स्वच्छ जाळीदार पट्टी, लवंगेच्या तेलाची बाटली, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि घट्ट झाकणाची एक लहान बरणी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दंतवैद्याचा व जवळच्या रुग्णालयाचा फोन क्रमांक. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, हेही ध्यानात असू द्या.

जाता जाता त्या आजींविषयी सांगतो. नातवाचा दात मोडला त्या वर्षी त्या स्वतःची दाढ दाखवायला आल्या होत्या. काम झाल्यावर खुर्चीतून उठता उठता त्यांनी विचारले, “मग त्या वक्ताला दुधात ठेवायचा हुता, व्हय?” मी मान हलवली. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या.

त्यानंतर वर्षभराने त्यांच्याच गावचा एक गडी पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन धावत आला. हातात दुधाची किटली होती. मी झाकण उघडून पाहिले. शेरभर दुधाच्या तळाशी तांदळाएवढा दुधाचा दात पडला होता. तो काही मला बसवता आला नाही. पण वाटेत कोणी धुतला नव्हता, घासला नव्हता, कागदात बांधला नव्हता. “आमच्या वाडीत आता सगळ्यांना ठाव हाय,” तो धापा टाकत म्हणाला. “म्हातारी घरोघर सांगत फिरली.”